पोरगी हेच ठेवा

आमची बायकांची संस्था ढाणकीजवळची, आणि विद्यापीठ तिकडं दूर. दोघांनी मिळून देशी कपाशीवर संशोधन करायचं अन् निधी तिसऱ्यानं द्यायचा, असा मामला होता. वर्ष सरत आलं तशी निधी देणाऱ्यांची समिती पाहणीला येणार, असा निरोप आला. त्यांना पटलं तर पुढलं वर्ष, नाही तर गुंडाळा गाशा. आमचं काय, आम्ही इथंच होतो. जाणार होती ती विद्यापीठानं पाठवलेली संशोधक पोरगी. वर्षभर आमच्यात राहिली, जेवली, भांडली. माझा तर जीव जडला होता तिच्यावर.

मी खपून खपून पडद्यावर दाखवायची माहिती तयार केली. बायांना बजावलं, समिती येईल त्याच सकाळी पहिली वेचणी सुरू करा, साहेबांना काम दिसलं पाहिजे.

सकाळी वावरात जाऊन पाहते तर एकही बाई कापसाला हात लावेना! "सीतादही व्हायची हाय ना बाई," आमची म्होरकी आजी म्हणाली. पहिल्या वेचणीआधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो वावरभर शिंपडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. तो वावराच्या मालकिणीनं करायचा. अन् हे वावर तर प्रयोगापुरतं मक्त्यानं घेतलेलं! मालकीण आणायची कुठून?

"शोधता कायले? हे काय उभी हाय," म्हणत त्यांनी पोरीलाच पुढं ओढलं. कपाळी कुंकू लावलं, हाती परात दिली. पोरगी लाजून चूर. माझं मात्र डोकंच फिरलं. "अवो बायांनो, आजच सुचलं काय हे? गाडी आली तं!"

गाडी आलीच. साहेब लोक धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभे, अन् पोरगी कपाशीच्या ओळीओळीतून, तासातासातून भात शिंपडत चाललेली. माझा पडदा राहिला बाजूला. जाताना एका साहेबांनी रीतीप्रमाणं विचारलं, "संस्थेची काही मागणी?"

मी तोंड उघडायच्या आत आजी बोलून गेली. "पैसा कमी दिला तं चालन, साहेब. पण पोरगी हेच ठेवा."

मी कपाळावर हात मारला.

महिन्याभरानं मंजुरी आली. संस्थेच्या वाट्याला चांगलीच कात्री लागली होती, पण संशोधक तीच राहील, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी पोरीदेखत आजीला वाचून दाखवलं.

"मंग? महाग पडली काय पोरगी?" तिनं विचारलं.

मी पोरीला पोटाशी धरलं अन् घळाघळा रडले.