गुलाबरावची पुडी आणि सुनेची गोळी

लहानपणी ऐकलेला पाठीवरच्या फवारणी पंपाचा आवाज अजून कानात आहे. खटक, फुस्स. खटक, फुस्स. पुढं तेच पंप दुरुस्त करण्यात जन्म गेला. पंपाच्या गाळणीत गाळ साचतो, तसे बोरी अरब गावातल्या माझ्या दुकानात किस्से साचले. सारे दुकानापुढच्या बाकावर बसणाऱ्यांचे.

•

बोंडअळीची ती वर्षं. कपाशी हातची जात होती आणि मोबाइल घरोघर येत होते. शेतकरी गुलाबरावचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या पुड्या दिल्या, आठवड्याला एक. गुलाबराव रोज एक घेऊ लागला.

"काहून गा?" मी विचारलं.

"फवारणीच्या डब्यावर दोन टोपणं लिहिलं तर आपण पंपात तीन टाकतोच ना. त्याबिगर अळी मरते काय?"

काही महिन्यांत त्याला उलट्या लागल्या, तहान भागेना. दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही कपाशी नाही."

•

रहीमभाई शिंपी. त्याच्या मोबाइलवर मेसेज आला: व्हिटॅमिनच्या साऱ्या गोळ्या विष आहेत, दहा जणांना पाठवा. त्यानं आम्हा सगळ्यांना पाठवला. मी अडखळत शेवटपर्यंत वाचला. खाली एका काढ्याची जाहिरात होती, मागवायचा नंबरही.

"रहीमभाई, भेव दाखवणारा आन् काढा विकणारा एकच कसा?"

तो म्हणाला, "मी तर वरचंच वाचलं यार. खाली जायले बोट लई सरकवा लागते."

•

गुलाबरावला मात्र तो मेसेज पटला. दवाखान्यातून आल्यापासून तो गोळी म्हटलं की भ्यायचा. सून सुनंदाला सातवा महिना. तिच्या लोहाच्या गोळ्या त्यानं उकिरड्यावर फेकल्या. पोरीला चक्कर यायची, ओठ पांढरे पडले होते.

एका सकाळी गावच्या आरोग्यसेविका आशाताई तिचं रक्त तपासून तिला घेऊन परत येत होत्या. गुलाबराव बाकावर दिसला, तशा थांबल्या.

"काकाजी, रक्त लई कमी आहे. बाळंतपणात जिवावर बेतन. गोळ्या घेऊ द्या तिले."

"मले एका पुडीनं दवाखान्यात निजवलं."

"एका नाही, रोजच्या पुडीनं. हिले डॉक्टरनं सांगितली तेवढीच घ्याची आहे."

"मंग मेसेज खोटा आहे काय?"

मी विचारलं, "गुलाबराव, ज्यानं लिहिला त्यानं सुनंदाले पाह्यलं काय?"



सुनंदा सासऱ्यापुढं कधी बोलत नसे. ती पुढं आली. आशाताईंच्या हातातलं नवं पाकीट घेऊन गोळी काढली. माझ्या माठातलं पाणी घेतलं. सासऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळली, गिलास पालथा ठेवला आणि पदर सावरून घराकडे चालू लागली.