पैलवानबाईंचा ओरबाड्या

आमच्या घरमालकीणबाई कणकेशी कुस्ती धरायच्या. परातीत मैद्याचा गोळा पडला की त्या पदर खोचत, गुडघे टेकत आणि मग जे सुरू होई त्याला स्वयंपाक म्हणायला जीभ धजावत नाही. गोळा उचलायचा, आपटायचा, मुठीनं ठेचायचा, ताणून पुन्हा आपटायचा. वर माझ्या खोलीत फळीवरची भांडी वाजायची. गावात त्यांना पैलवानबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कासार आंबोलीत कुणाची नव्हती. मीही त्यांना गुमान काकूच म्हणायची.

मी मूळची परभणीची. नोकरी हिंजवडीच्या बाजूला आणि खोली मिळाली ती इथं, काकूंच्या माडीवर. सामानात एक छोटा ओव्हन होता. एका रविवारी मी गोड पाव करायला घेतला. मैदा यीस्ट घालून फुगवायचा, त्याचे लिंबाएवढे गोळे करायचे, पातळ तुपात बुडवून गूळ-वेलचीत घोळवायचे, एकमेकांना खेटून भांड्यात रचायचे आणि भाजायचे. सगळं मिळून एक होतं, पण सुरी लागत नाही. भोवती बसायचं आणि हातानं तोडून खायचं. काकू जिना चढून आल्या, माझं मळणं कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेलेल्याला चोळतीस व्हय? सर बाजूला."

तो दिवस आणि पुढची तीन वर्षं, मळायचा हक्क माझ्याकडे परत आला नाही. पहिला पाव निघाला, मी एक गोळा तोडला, त्यांनी चार ओढले आणि पावाचं बारसं करून टाकलं. "ह्यो तर ओरबाड्या!"

काकूंचे वडील खरेखुरे पैलवान होते. त्यांच्या तालमीत तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ होईपर्यंत खणून घ्यायची पद्धत होती. पोरींना आत मज्जाव. ही पोर खिडकीच्या गजांना धरून सगळे डाव बघायची आणि घरी येऊन भावांवर करायची. माती आणि मैदा यांत त्यांना काही फरक वाटत नसे. फडक्याखाली पीठ दुप्पट फुगलं की त्या फडकं झटकन ओढत. "लई फुगलास व्हय रं? घे मग!" की बसलाच बुक्का. पण खरं सांगते, असा मऊ पाव मी पुण्यातल्या कुठल्याही बेकरीत खाल्लेला नाही.

त्यांच्या हाताचा प्रसाद फक्त पिठाला मिळे असं नाही. एकदा जमिनीचा एक एजंट बूट घालून अंगणात वाळत घातलेल्या भातावरून चालत आला आणि मोबाईलवर बोलत बोलत तिथंच उभा राहिला. काकूंनी त्याला कंबरेच्या पट्ट्याला धरून उचलला आणि उकिरड्यात टाकला. वर म्हणाल्या, "आता कर की फोन." त्याच्या नाकातून रक्त येत होतं. ही गोष्ट मी ऑफिसात कितीतरी वेळा रंगवून सांगितली, दर वेळी हशा वसूल केला.

नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, रूपाली. तिनं लहानपणी त्यांच्या हातचा काय काय मार खाल्ला याच्या गोष्टी काकू कौतुकानं सांगत. दूध सांडलं म्हणून उलथनं, शाळा बुडवली म्हणून चिंचेचा फोक. "माराबिगर हाड पक्कं व्हत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माहेरी आलेली रूपाली शेजारी बसून हे ऐकायची, ओठ मिटून हसायची. मीही हसायची. काकूंवर माझा जीव होता आणि जीव असला की माणसाचं सगळंच गमतीचं वाटतं.

मग एका संक्रांतीला रूपाली एकटीच आली. दंड खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा. जावई पौडकडचा, गळ्यात साखळी, बुडाखाली बुलेट आणि हात कायम शिवशिवणारा. काकूंनी तो दंड उलटासुलटा करून पाहिला, दाबून पाहिला. "हाड मोडलंय का? न्हाई ना? मग जा. मी काय मार कमी खाल्लाय?" दोन दिवसांनी त्यांनी तिळगुळाचा डबा देऊन तिला परत पाठवली. मी तडकून बोलले, तर मला म्हणाल्या, "नांदणारीला उठवू नये, पोरी. तुला न्हाई कळायचं." त्या दुपारी त्यांनी उगाचच पीठ भिजवलं आणि इतकं आपटलं, की परात मधोमध चेपली. मला त्यांचा विलक्षण राग आला होता.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे तेव्हा लेकीला आणि जावयाला जेवायला बोलावतात, आणि तेहतीस अनारसे देऊन जावयाचा मान करतात. काकूंच्या डोक्यात आलं की यंदा अनारशांऐवजी तेहतीस गोळ्यांचा ओरबाड्याच करायचा. "गोड घालते पोटभर. मान राखला की बाप्या निवतो." ज्या हातांनी एजंट उकिरड्यात गेला, ते हात जावयासाठी तूप पातळ करत होते. रूपाली गोळे वळायला बसली होती. दाराबाहेर बुलेटचा आवाज आला तेव्हा तिच्या हातातला गोळा चपटा झाला.

जावई पाटावर बसला. काकूंनी त्याला ओवाळलं, पाव ओव्हनमधून काढून तसाच समोर ठेवला. पहिला तोडायचा मान त्याचा. त्यानं गोळा तोडून तोंडात टाकला, वरचा गूळ अजून उकळत होता, जीभ पोळली. रूपाली शेजारी वाकून पाणी ठेवत होती. त्यानं तिच्याकडे न बघता उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. "गरम हाय म्हून सांगता येत न्हाई व्हय गं?"

तिचा ओठ फुटला. रक्त तिच्या हनुवटीवरून साडीवर आलं आणि ती खाली बसून सांडलेलं पाणी पुसू लागली.

काकू कधी उठल्या ते मला दिसलं नाही. जावयाची मान त्यांच्या काखेत होती आणि पाट उडाला होता. त्यानं हाताला लागला तो तांब्या त्यांच्या कपाळावर हाणला, भुवई फाटली, तरी पकड सुटली नाही. त्यांनी त्याला खांद्यावरून घेऊन असा आपटला, की भिंतीवरचा आरसा खाली आला. तिथून फरफटत अंगणात. छातीवर बसून त्या मारत होत्या, मुठीनं, कोपरानं, डोळ्यांत स्वतःचंच रक्त उतरलेलं. पीठ मळताना अखंड बोलणारी बाई तेव्हा मुकाट्यानं मारत होती, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. मेला असता तो. मी आणि शेजारचे दोघं मिळून त्यांना कशाबशा ओढून काढल्या. जावई उठला, धडपडला, दात थुंकला आणि शिव्या देत पळाला.

घरात ओरबाड्या जमिनीवर विखुरला होता. रूपाली भिंतीला लागून उभी होती. काकू धापा टाकत तिच्याकडे गेल्या. तिच्या ओठांवरचं रक्त पुसावं म्हणून त्यांनी हात वर केला. रूपालीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती खाली गोळा होऊन बसली. "नको आई. नको, आई, नको."

काकूंचा हात तसाच वर राहिला. मग त्या तिच्यापासून लांब, उंबऱ्यापाशी जाऊन बसल्या. भुवईतून रक्त गळत होतं, पण मला त्यांनी कापूस लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी आली. पुढं त्यांचे चुलतदीर, तात्या. चहा घेऊन तात्यांनी निवाडाच सांगितला. "वहिनी, जावयावर हात टाकलात. धोंड्याच्या महिन्यात! आता तुमी माफी मागायची आन पोरीला आजच्या आज धाडायची. भावकीचं नाक गेलंय."

मला वाटलं, आता तात्याही उकिरड्यात जाणार. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "रूपे, भायेर ये. तुला जायचंय का?"

हा प्रश्न त्या घरात रूपालीला आजवर कुणी विचारला नव्हता. शाळा सोडताना नाही, लग्न ठरवताना नाही. ती बाहेर आली. ओठ सुजलेला. तात्या घसा खाकरू लागले.

"मी न्हाई जायची," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आन आई, तू बी माझ्या अंगाला पुन्हा हात न्हाई लावायचा. कधीच."

भावकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आख्खं गाव जिला वचकून असे, त्या बाईनं सगळ्यांदेखत मान खाली घातली. "व्हय," त्या म्हणाल्या. "न्हाई लावणार."

त्यांनी तो शब्द पाळला, आणि जरा जास्तच पाळला. रूपालीच्या केसांना तेल लावणंसुद्धा बंद झालं. ताप आला तर कपाळ बघायला मला हाक मारायच्या. शेजारून जाताना अंग चोरायच्या. रूपालीनं घटस्फोटाचा दावा लावला, जवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये नोकरी धरली. भावकीनं येणंजाणं तोडलं. काकूंना त्याचं काही वाटलं नाही, पण आपल्याच हातांचं काय करावं हे त्यांना उमजत नव्हतं. ते मला बघवत नसे.

पुढं मी बावधनला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. वास्तुशांतीला दोघींना बोलावलं होतं. संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा मी खाली सोडायला गेले. रूपालीनं स्कूटर चालू केली. काकू मागं बसल्या, दोघींच्या मध्ये वीतभर जागा ठेवून, आणि लेकीला न धरता दोन्ही हात मागं नेऊन सीटची लोखंडी दांडी धरली. रूपालीनं आरशात पाहिलं. मग मागं हात घालून तिनं आईचा एक हात दांडीवरून सोडवला, ओढून आपल्या पोटाशी आणला.

"धर नीट," ती म्हणाली. "पडशील."