आप्पांनी तपासलेलं वेळापत्रक

व्हाइटफील्डहून महादेवपुऱ्याच्या ऑफिसला जाताना कॅब जितका वेळ एका जागी उभी असते, तेवढ्यात माणूस सहज दोन देश जोडू शकतो. मी तसे पाच जोडले. बारा दिवस, सहा शहरं. म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट, प्राग आणि परत म्युनिक. विमान फक्त जायला आणि यायला, मधलं सगळं रेल्वे नाहीतर बस. रेल्वे महाग तिथं बस, बस गावाबाहेर सोडते तिथं रेल्वे. स्वस्त तिकिटं बरीच आधी काढावी लागतात आणि ती त्याच गाडीला चालतात, गाडी चुकली की तिकीट वाया. म्हणून मी एकेक गाडी घासूनपुसून बसवली होती. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे स्वतःचं काम बिनचूक असतं असा माझा समज आहे.

हे सगळं आप्पांसाठी चाललं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, निपाणीकडचे, सरकारी बसवर एकतीस वर्षं कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत जायचे, वॉचमनशी कानडीत चार शब्द बोलायचे आणि वर यायचे. लालबागेत जाऊ म्हटलं तर नको, मेट्रोत बसू म्हटलं तर नको, गावाकडच्या लग्नालाही नको. हा माणूस असाच गॅलरीतल्या खुर्चीत बसून संपेल अशी मला भीती वाटत होती. पाय चालताहेत तोवर त्यांना घराबाहेर काढायचं, अगदी दूर काढायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

तक्ता छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली.

"इथं गाडी बदलायला किती वेळ हाय?"

"अठरा मिनिटं."

"नको. अठरा मिनिटं कागदावर. म्हाताऱ्याला बॅग घेऊन उतरायला चार लागतात, लघवीला आठ. फलाट कोण शोधणार? पुढची गाडी धर."

पुढचे चार दिवस हेच. सीमेवर पासपोर्ट बघायला बस थांबवतात का, सामान डिकीत की डोक्यावर, रविवारी फेऱ्या कमी असतात का? यातलं बरंचसं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. रविवारची प्रागची गाडी त्यांनी सोमवारी ढकलायला लावली, तर ती स्वस्त निघाली. "आप्पा, ऑफिसात माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा," मी म्हटलं, तर ते चक्क हसले. जेवताना दुसरी भाकरी मागून घ्यायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शनिवारी सकाळी मी तिकिटं काढायला बसले. त्यांचा पासपोर्ट मागच्याच वर्षी मी हट्टानं काढायला लावला होता. तो आणा म्हटलं, तर ते जागचे हलले नाहीत.

"एकाचंच काढ. तू जाऊन ये. चार्ट पक्का झालाय, कुठं अडायची नाहीस."

माझं डोकं फिरलं. "मग चार दिवस कशाला तपासत बसला होता?"

"तू तपासायला दिलास म्हणून तपासला. चुकीचा चार्ट हातातनं पुढं जाऊ देववत नाही मला."

यावर मी बोलू नये ते बोलले. आई असती तर तिच्याबरोबर बरे गेला असता, म्हटलं. त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. सातला सुटायचं, साडेअकराला पोचायचं, सामान टाकायचं, जेवायचं, झोपायचं. उद्या सकाळी परत सुटायचं. ही ड्युटी झाली बाळ. एकतीस वर्षं केली की मी." मग म्हणाले, "लोकांना वाटतं कंडक्टरनं सगळा मुलूख बघितला. मी स्टँड बघितले. विजापूरला शेकडो वेळा गेलो असेन. गोलघुमट बसच्या खिडकीतनंच. तुझ्या आईला म्हणायचो, रिटायर झालो की दोघं आत जाऊया."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, जे बोलले होते ते परत गिळता आलं असतं तर गिळलं असतं. तक्ता पुन्हा पाहिला. सगळी अक्कल मी सुटायच्या आणि पोचायच्या वेळांत खर्च केली होती. मधल्या वेळापुढे कुठं 'फिरणे' तर कुठं 'आराम' एवढंच लिहिलेलं होतं. अति तिथं माती म्हणतात, ती मीच कालवली होती.

"कुठलं गाव काढून टाकू?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी चिडूनच विचारते आहे. तसं नाही हे पटल्यावर त्यांनी परत पेन्सिल घेतली आणि एकेक शहर खोडलं. प्रागवर जरा रेंगाळले, शेवटी तेही गेलं. म्युनिक विमानापुरतं उरलं. साल्झबर्गला चार दिवस, व्हिएन्नाला पाच, उरलेले जाण्यायेण्यात. स्वस्तात सहा शहरं जोडायची माझी कर्तबगारी धुळीला मिळाली आणि खर्चही कमी झाला, हे त्यांनी मला ऐकवलंच.

मग ते उठून आत गेले. पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

"ही व्हिएन्नाची गाडी. आपण उतरल्यावर ती तिथंच थांबती काय?"

"नाही, पुढं बुडापेस्टला जाते."

"सरी, बरं झालं. मग उतरल्यावर लगेच बाहेर पडायची घाई करू नको. स्वल्प थांबू फलाटावर." त्यांनी हात उचलला. "एवढ्या वर्षांत मी खाली उभा आणि गाडी माझ्याशिवाय पुढं गेली असं कधी झालेलं नाही. मला ती जाताना बघायची हाय."