सात नंबर, हजर

मी मुळातच तापट. चोपड्याच्या आमच्या कॉलेजात मुली माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. गेल्या हिवाळ्यात तापीवर मुलींचं पोहण्याचं शिबिर ठरलं, तेव्हा प्राचार्यांना मी तोंडावर सांगितलं, नियम माझे राहतील, नाहीतर दुसरी बाई शोधा.

नियम पक्के होते. बारा मुली, सहा जोड्या. प्रत्येक जोडीला तरंगायला केळीचा एक खांब. दोघींनी तो सोडायचा नाही. कमरेएवढ्या पाण्यात बांबू रोवून दोर बांधला होता, कारण पलीकडे वाळू उपसून झालेले खड्डे होते. दोराबाहेर नावेत नाना, आयुष्यभर तापीत जाळं टाकणारे. दर दहा मिनिटांनी माझी शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायचं, आणि आपला नंबर पुकारला की "हजर" म्हणायचं. सगळं इतकं चोख होतं की मी स्वतःवरच खूश होते.

तिसऱ्या शिट्टीला ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. पाण्यावर नुसती काळी डोकी दिसत होती. मी नंबर घेतले, बाराच्या बारा हजर. पुन्हा सुरू करा म्हणून हात वर करणार, तेवढ्यात नाना म्हणाले,

"मॅडम, त्या खांबले एकच पोर शे."

आठ नंबरची मुलगी एकटीच खांब कवटाळून उभी होती. सात कुठे आहे, मी विचारलं. मग माझ्या लक्षात आलं. सातचं "हजर" हिनेच म्हटलं होतं, आवाज बदलून, वर्गात म्हणायची तसंच. वर्गात ते मला कळायचं, देवाशप्पथ कळायचं. चालायचंच, म्हणून मी कानाडोळा करायचे.

रडत रडत तिने दोरापलीकडच्या खडकाकडे बोट केलं. सात नंबर पैजेवर त्या खडकाला हात लावायला गेली होती.

"मॅडम, तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

नाना केव्हाच वल्हं मारत सुटले होते. मला उडी टाकावीशी वाटत होती, पण मी गेले असते तर माझ्यामागे आणखी चौघी आल्या असत्या. अकरा जणींना बाहेर काढलं, हात धरून ओळीत बसवलं. नाव खडकाआड गेली आणि नुसतं पाणी दिसायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. मी मेल्यात जमा होते.

नाव दिसली तेव्हा तळाशी ती ओकत बसली होती. खडकाच्या कपारीत बोटं रुतवून लटकली होती म्हणे, ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत जायचं.

काठावर तिला शालीत गुंडाळलं, आणि मी पुन्हा हजेरी घेतली. मुलींना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. सहापर्यंत आवाज आले. मी सात म्हटलं. तिचे दात इतके वाजत होते की शब्दच फुटेना. सवयीने आठ नंबरचं तोंड उघडलं, आणि तिने स्वतःच ते हाताने दाबून धरलं.

मी ओरडले नाही. सातच्या तोंडाकडे बघत थांबून राहिले, ती स्वतः "हजर" म्हणेपर्यंत.