उन्हावर चालणारी गिरणी

आमची पिठाची गिरणी येलदरीच्या रस्त्याला आहे. नवरा शेती बघतो, गिरणी मी चालवते. एक चक्की ज्वारी-गव्हाची आणि शेजारच्या खोलीत मिरची-हळद दळायची दुसरी. माझे सासरे तिथल्या धरणाखालच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले. पाण्यावर वीज तयार होते तिथं त्यांनी अख्खी नोकरी काढली. मी त्यांना मामा म्हणते. वीस वर्षं मी त्यांना डबा भरून दिला, पण ते तिथं नेमकं काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. डबा किती वाजता भरायचा, एवढंच माझं ज्ञान.

सोलरचं खूळ माझ्या डोक्यात जिंतूरला शिरलं. चक्कीचा पट्टा आणायला गेले होते. रस्त्यालगतच्या एका डाळमिलच्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या काचा बसवलेल्या. आत मोटारी धडधडत होत्या. मी पट्ट्याची पिशवी घेऊन तशीच आत गेले आणि तिथल्या मुनीमजींना विचारलं, "हे सगळं उन्हावर चालतं?" ते म्हणाले, "ऊन हाय तवर चालतं. बाकीचं लाईनीवरून येतं." म्हणजे दोन्ही एकदम कसं, हे विचारायचं होतं, पण एस.टी. लागली होती. घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होते. मोटारीला कसं कळत असेल, कुठला करंट उन्हाचा आणि कुठला लाईनीचा?

उन्हाळ्यात मिरची-हळदीची गर्दी झाली की आमचं लाईटबिल फुगायचं. डीलर आला, त्यानं पत्रा मोजला, सावली कुठून कधी येते ते बघितलं, वर्षभराची बिलं मागितली. घरावर बसवलं तर सरकारी अनुदान असतं, धंद्याला ते नाही, हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. त्याचा मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. थोडी रक्कम रोख आणि बाकी पाच वर्षांचं कर्ज. हप्ता साधारण आमच्या उन्हाळ्यातल्या बिलाएवढा बसत होता. रोख रकमेसाठी मी भिशीचा नंबर वापरला. बँकेचे साहेब गिरणी बघायला आले, काळ्या पँटीवर पीठ उडवून घेतलं, सगळी यंत्रं मोजली आणि जाताना एक किलो काळा मसाला विकत घेऊन गेले. पंधरा दिवसांनी कर्ज मंजूर झालं.

मामांना सांगितलं तेव्हा ते कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"फिरतंय काय त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"काहीच फिरत नाही, मामा. नुसत्या काचा असतात."

"मंग करंट कुठून येतो?"

"उन्हातून."

"ऊन तर आपल्या पत्र्यावर इतकी वर्षं पडायलंय. आला का कवा करंट?"

त्यांचा विरोध नव्हता, चेष्टाही नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही.

तीन माणसं येऊन दोन दिवसांत काम उरकून गेली. त्यांचा मुख्य माणूस परभणीचा, तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. मामा पहिल्या दिवशी लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून थेट अर्थिंगची तार पुरायला खणलेल्या खड्ड्याजवळ आणली आणि विचारलं, "अर्थिंग किती खोल घ्यायलाव?" त्या माणसानं सांगितलं. मामा म्हणाले, "इथं खाली मुरूम हाय. पाणी धरत न्हाई. आजून खाली जावा." तो माणूस उभा राहिला, घाम पुसला आणि त्यानं विचारलं, "काका, तुमी कुठं होतात कामाला?" मामांनी हातानं धरणाची दिशा दाखवली. तिथून पुढं तो प्रत्येक वायर मामांना दाखवून जोडत गेला.

लाईनीवरून येणारी आणि उरली तर आपल्याकडून लाईनीत जाणारी, अशी दोन्हीकडची वीज मोजणारं नवीन मीटर बसलं आणि एका सकाळी, काचांचा करंट मोटारीजोगा करून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटला. ऊन चढलं तसा आकडाही चढत गेला. मामा दर तासाला भिंतीजवळ जाऊन तो मोठ्यानं वाचायचे. पॉवर हाऊसची सवय. काचा दोन ओळींत जोडलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीचा आकडा वेगळा दिसायचा, हे त्यांनीच शोधून काढलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे दिला. "वर चढ आन एका काचेवर हातर."

मी शिडीवरून चढले आणि कडेच्या काचेवर टॉवेल पसरला. खालून मामा ओरडले, "घसरला! लय घसरला!" मी टॉवेल काढला. "आला परत!" पुन्हा टाकला, पुन्हा काढला. दळण घेऊन आलेल्या दोन बाया डबे कडेवर धरून आमच्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अवो, सासरे-सुना काय खेळायलाव?" टॉवेलानं झाकलं होतं त्यापेक्षा आकडा जास्त का उतरला, हे आम्हाला दोघांनाही सुटेना. शेवटी मी परभणीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, एका ओळीतल्या सगळ्या काचा हात धरून चालतात. एक अडली की बाकीच्यांची चाल कमी होते." मामांना हे पटलं. त्याच दुपारी त्यांनी लिंबाची पत्र्यावर आलेली फांदी उतरवून घेतली.

मग मिरचीच्या हंगामात एक दिवस भर दुपारी मोटार कण्हल्यासारखी झाली आणि थांबली. लाईट गेली. ओळीत दहा-बारा डबे होते. बाया शिंकत, नाकाला पदर लावून बसल्या होत्या. एकजण म्हणाली, "लाईट गेली तर जाऊ द्या की. तुमच्या डोक्यावर सूर्य हाय."

मीही तेच समजत होते. ऐटीत इन्व्हर्टरपाशी गेले, तर आकडा शून्य आणि लाल दिवा. बाहेर डांबर पाघळेल असं ऊन. मी फोन लावला. "ताई, मी सांगितलं होतं की," तो म्हणाला, "लाईन गेली की हेपण बंद होतं. बॅटरी नाही ना आपल्याकडं." त्यानं सांगितलं असेलही. सह्या करताना मी हप्त्याच्या विचारात होते.

"मंग उपयोग काय वो ह्याचा?" एका बाईनं विचारलं. सगळ्या हसल्या. मला रडू यायचं बाकी होतं. ज्यासाठी पाच वर्षं हप्ते भरायचे, ते नेमकं गरजेला बंद.

मामा उठून आत आले. "इचार त्याला, लाईन गेल्यावर हे बंद व्हायला किती वेळ लागतो?"

मी विचारलं. तो म्हणाला, "पापणी लवायच्या आत."

मामांनी मान हलवली. "शहाणं हाय मंग."

"शहाणं कसलं, मामा? दळण पडलंय सगळं."

ते बायांकडे वळून उंबऱ्यावर बसले. "लाईट गेली म्हंजी कुठंतरी खांबावर माणूस चढलेला आसतो. त्यानं तिकडून बंद केली. आता तारेत काही न्हाई म्हणून त्यो हातानं धरायलाय. आन आपल्या पत्र्यावरून करंट त्याच तारेत जायलाय. काय व्हईल?"

एका बाईनं नाकावरचा पदर खाली घेतला.

"आमच्याकडं लाईनीवर माणसं गेली की मी स्विच बंद करून कुलूप लावायचो. चावी ह्या खिशात. माणसं उतरली, मोजून घेतली, आसा निरोप आल्याबिगर चावी काढायची न्हाई. मोठा साहेब आला तरी न्हाई. जेवायला बसलं तरी ध्यान खिशाकडं. मंग जेवणच जायचं न्हाई."

अधूनमधून त्यांचा डबा भरलेलाच परत यायचा. भाजी बिघडली असेल म्हणून मी मनात खजील व्हायचे. एवढी वर्षं मी भाजीला दोष देत होते.

तासाभरानं लाईट आली. पण सोलर लगेच सुरू होत नाही, लाईन टिकतेय की नाही हे ते आधी बघत बसतं. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. सगळ्या बाया भिंतीपाशी गोळा झाल्या आणि मोठ्यानं आकडे वाचू लागल्या. शून्य झालं आणि कट्ट असा आवाज आला तेव्हा एकीनं टाळी वाजवली.

त्या दिवसापासून माझे प्रश्न मामांकडे वळले. दुपारी दळण कमी असलं की मी विचारते. पाणी सोडल्यावर यंत्र किती वेळात वेग घेतं? आवाजावरून बिघाड कळायचा का? भीती वाटायची का? ते हातांनी दाखवत सांगतात. एकदा तर गिऱ्हाईक बाहेर उभं आणि मी आत पाण्याच्या पाइपाची जाडी विचारत बसलेली.

पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल आलं, ते शून्य नव्हतं. मी गावभर शून्य येणार म्हणून सांगून बसले होते. संध्याकाळची वीज लाईनीवरूनच येते आणि बिलातला दरमहाचा ठरलेला आकार भरावाच लागतो. हप्ता आणि नवं बिल मिळून उन्हाळ्यात आधीच्या बिलापेक्षा थोडं जास्त जातं, पण गिरणीही आधीपेक्षा जास्त चालते. पावसाळ्यात हप्ता जड जातो, हे लपवत नाही. पाच वर्षांनी काय ते दिसेल.

एकदा आमचे वायरमन ज्वारीचा डबा घेऊन आले. मामांनी त्यांना बसवून त्या दुपारबद्दल विचारलं. कुठला खांब, काय तुटलं होतं, किती जण होते. ते म्हणाले, "मीच होतो की वर. खांबावरच्या तारा जोडणारा जंप तुटला होता." मामांनी मला चहा टाकायला सांगितलं आणि दळणाचे पैसे घेऊ नको अशी खूण केली.

सध्या आमच्या दोघांत एक वेगळाच वाद चालू आहे. मिरचीची आणि पिठाची धूळ उडून काचांवर बसते, म्हणून मी दर आठवड्याला पाणी मारते. मामा म्हणाले, "धुतल्यानं खरंच फरक पडतो का, का नुसती तुझी हौस?" मग त्यांनीच तोड काढली. एक ओळ धुवायची, दुसरी तशीच ठेवायची आणि दोन्हीचे आकडे बघायचे. आठ दिवस झाले, दोनदा मी बादली घेऊन चढले आणि एकच ओळ धुऊन खाली उतरले. आकडे ते लिहून ठेवतात, मला दाखवत नाहीत. विचारलं की म्हणतात, "आजून चार दिवस थांब. येवढ्यात काही कळत न्हाई."