पत्तीआत्या आणि माझा ओबो

भोकरच्या आमच्या गल्लीतून वरात निघाली की बायका ओसरीवर गोळा व्हायच्या. पत्तीआत्या तेवढी चुलीपुढून उठायची नाही. आतूनच सनईला कान द्यायची आणि म्हणायची, "ही माझी न्हाई." किंवा, "हाव, ही माझीच हाय. पण वाजवणाऱ्यानं नीट वल्ली केली न्हाई." ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सनईच्या तोंडाशी जी दुहेरी पत्ती ओठात धरून फुंकतात, ती ताडाच्या पानातून घडवणं हे तिचं काम. आजोबा सनई वाजवायचे आणि तिच्या पत्त्याही घडवायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्याने त्यांचा चाकू उचलला, तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. उन्हाळा हा लग्नांचा हंगाम आणि पत्त्यांचा वैरी. गरम वाऱ्याने पत्ती तडकते. म्हणून ती पहाटेच कामाला बसायची, मांडीवर ओलं फडकं घेऊन. हिमायतनगरहून आलेला एखादा सनईवाला घाई करू लागला की म्हणायची, "जल्दी असंल तर जत्रेतली पिपाणी घ्या."

पत्ती झाली की सनईला न लावता ती नुसतीच फुंकून बघायची. कावळा ओरडल्यासारखा भरदार आवाज आला तर ठीक. नाही आला तर गिऱ्हाइकासमोरच ती पत्ती मोडून चुलीत टाकायची. या हट्टापायी तिने कितीतरी माणसं नाराज केली, पण पुढच्या लग्नाला तीच माणसं परत यायची.

मी फौजेच्या बँडमध्ये भरती झालो आणि माझ्या हातात ओबो आला. फुंकून वाजवायचा, दिसायला परदेशी, काळा, चांदीच्या चाव्यांचा, पण तोंडाशी तीच दुहेरी पत्ती. पत्त्या परदेशातून यायच्या, मोजक्याच. एका उन्हाळ्यात महिन्याच्या रजेवर येताना तीन आणल्या. आठवड्यात दोन चिरल्या, तिसरीचा आवाजच गेला. रजेनंतरच्या मोठ्या संचलनात मला एकट्याला एक तुकडा वाजवायचा होता. तो बिघडला तर ओबो काढून घेऊ, असं बँडमास्तर साहेबांनी बजावलं होतं.

"कामून तोंड पाडून बसलास?" आत्याने विचारलं. मी सांगितलं. तिने तिसरी पत्ती उचलली आणि तिचा दोरा सरळ उसवायला घेतला. मी ओरडलो.

"मेलेलीच हाय ती," आत्या म्हणाली. "उघडल्याबिगर कळंल कसं?"

तिने दोऱ्याचे वेढे मोजले, पात्याची जाडी नखाने चाचपली. ताडाचं पान इथे चालणार नाही हे तिला दोन दिवसांत कळलं. मग नांदेडच्या एसटीत बसून आम्ही गोदावरीकाठी गेलो आणि बोरूच्या बेटातून वाळलेली, पिवळी, बोटाएवढी जाड नळी निवडून आणली. जुन्या पत्त्यांच्या बुडाच्या पितळी नळ्या तेवढ्या वापरल्या. रोज पहाटे आत्या एक पत्ती तासायची, मी ओबोवर वाजवायचो, ती डोळे मिटून ऐकायची. कधी आवाज किंचाळायचा, कधी फुंकरच निघायची.

"आजची गेली. उद्या बगू," एवढंच म्हणून ती भाकरी थापायला उठायची.

रजेचे चार दिवस उरले असताना त्या बोरूतून असा गोड, भरीव सूर निघाला की मी वाजवता वाजवता थांबलो. आत्याने डोळे उघडले. "थांबलास कामून? वाजीव की!"

संचलनात मी तीच पत्ती वाजवली. साहेबांनी नंतर ती हातात घेऊन विचारलं, "कुठल्या कंपनीची?" मी म्हणालो, "माझ्या आत्याची."

त्यांना खोटं वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच तिला महिनाभरासाठी आमच्या प्रशिक्षण केंद्रात बोलावून घेतलं. साठी ओलांडलेली, नांदेड-लातूरपलीकडे न गेलेली आत्या दोन गाड्या बदलून माझ्याबरोबर आली. सहा जवानांना तिने बूट बाहेर काढायला लावून सतरंजीवर बसवलं. साहेबही सातवे होऊन बसले. तिची भाषा निम्म्यांना कळत नव्हती, पण बोटं कळत होती. "साहेब, तुमी चाकू लई दाबून राहिले," ती म्हणायची आणि साहेब हात ढिला सोडायचे.

शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांच्या पत्त्या फुंकून पाहिल्या. चार मोडल्या. त्यातली एक साहेबांची होती. साहेबांनी नवी नळी घेतली आणि पुन्हा तासायला बसले.

आता आत्या वारून दोन वर्षं झाली. त्या केंद्रात दुहेरी पत्ती मीच शिकवतो आणि नीट वाजत नसेल ती पत्ती मोडतोही.

त्या उन्हाळ्यात महिना संपल्यावर तिला गावी परत न्यायला निघालो तेव्हा स्टेशनवर साहेब वर्दीतच तिच्या पाया पडले. मागोमाग सहाही जण वाकले. आत्या लाजून चूर झाली. गाडी सुटल्यावर ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "येवढी माणसं पाया पडली रे माझ्या. आन् म्या तर त्यातल्या चौघांच्या पत्त्या मोडल्या."