पानगी बांधून न देणारी मावशी

अंबरनाथला कारखान्यांच्या रस्त्यावर एक मावशी केळीच्या पानात भाजलेल्या तांदळाच्या पानग्या आणि मुगाची उसळ विकायची. वडापावपेक्षा स्वस्त आणि पोटालाही हलकं. तरी गर्दी शेजारच्या वडापावच्या गाडीवरच, कारण मावशी कुणालाच बांधून द्यायची नाही. खायचं तर तिच्यासमोर बसून.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम. नवी नोकरी, पालेगावात भाड्याची खोली. एका संध्याकाळी मी म्हणालो, "मावशी, दोन पानग्या बांधाच. रस्त्यावर बसून खाणं मला शोभत नाही."

"का रे, शिकल्यावर मांडी घालता येत नाय?" तव्यावरची पानगी उलटत तिने विचारलं, "खोलीवर कोन हाय तुझ्या?"

"कोणी नाही."

"मग भिंतीकडं बघत खानार? माझ्या घरी पन भिंतीच हायत. बस इथं."

तिने गोणपाट सरकवलं. मी इस्त्रीच्या पँटीनिशी बसलो. मी पहिला घास घेतला, तशी तिनेही एक पानगी उलगडली आणि भराभरा खाऊ लागली.

"सकाळपासून कोन बसलाच नाय," भरल्या तोंडाने ती म्हणाली.